चांदणीचं कुरण

१

सकाळच्या धारेला मच्छिंद्रच्या गोठ्यात कुणाला कुणाशी बोलावं लागत नसे. खराटा घेऊन त्याची आई मालनबाई पुढं, त्यांच्यामागं कोमट पाण्याची बादली घेऊन बायको रेश्मा, आणि रेश्मानं कास पुसून दिली की मच्छिंद्र मशिनचे कप सडांना लावणार. मोटारीची धकधक सुरू झाली की गाई कान सैल सोडायच्या, गव्हाणीतल्या मुरघासात तोंड घालायच्या आणि नळीतून दूध पळू लागायचं. घोडेगावच्या अलीकडं कॅनॉलला लागून त्यांची एकटी वस्ती. मच्छिंद्रनं ऊस मोडून गाई केल्या, त्याला बरीच वर्षं झाली होती. घर त्या दुधावर चाललं होतं आणि बरं चाललं होतं.

त्यात चांदणीनं दूध चोरलं.

चांदणी गोठ्यातली सगळ्यात गुणाची गाय. तिचं यंदाचं वासरू उभं राहायच्या आतच गेलं. ती त्याला चाटत राहिली. अंगावरचं ओलं सुकलं, केस ताठ उभे राहिले, तरी चाटतच राहिली. शेवटी मच्छिंद्रनं ते पोत्यात घालून नेलं आणि बांधाच्या कडेला पुरलं. त्या दिवसापासून तिची कास दगडासारखी ताठलेली, पण मशिन लावलं की थेंब नाही. हातानं पिळलं तर लाथ. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर दगडीचा रोग होईल आणि कास कायमची जाईल. इंजेक्शन टोचून पान्हवायचं मच्छिंद्रच्या मनाला पटत नव्हतं.

अशा वेळी शौनक आला. नगरचा पोरगेला माणूस, पाठीला सॅक, बोलणं गोड. एका नव्या कंपनीसाठी गोठे धुंडाळत फिरत होता. त्यानं डब्यातून काढून दाखवलं ते घाण्याच्या बैलाच्या झापडांसारखं दिसत होतं. दोन मोठ्या काळ्या वाट्या, मध्ये पट्टा.

"गाईच्या डोळ्यांवर बांधायचं, दादा. आत तिला हिरवंगार कुरण दिसतं. गोठा दिसत नाही, पत्रा दिसत नाही. मन शांत झालं की गाय पान्हा सोडते. परदेशात प्रयोग झालेत." त्यानं हातातला टॅब पुढं केला. "गाईला जे दिसतं तेच इथं दिसतं."

टॅबवर खरोखरच कुरण होतं. वाऱ्यानं लवणारं गवत, लांबवर निळसर डोंगर, आभाळ. बाकी काही नाही.

"आमच्या वेळंला," मालनबाई म्हणाल्या, "मेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरायचे आन् गाईम्होरं उभं करायचे. ती चाटायची आन् पानवायची. हे बी तसलंच म्हना की."

"तसलं न्हाई आई," मच्छिंद्र म्हणाला. "ह्यात वासरू न्हाई, नुसतं गवत हाय."

"मंग ती पानवंल कशापायी?"

शौनकनं डब्याचं झाकण लावलं. तो हसला. म्हणाला, "आठवडाभर वापरून बघा. पुढच्या शुक्रवारी मी घोडेगावच्या बाजारात असतो. पटलं तर ठेवून घ्या, नाही पटलं तर डबा परत आणून द्या."

घ्यायचं म्हटलं तर वस्तू एका दुभत्या गाईच्या मोलाची होती. रेश्मा म्हणाली, "बघू तर खरं. गाय वाचली तर महाग न्हाई." तिच्या काखेत त्यांची सहा-सात महिन्यांची पोरगी, संस्कृती होती. ती त्या काळ्या वाट्यांकडं टक लावून बघत होती.

२

संध्याकाळच्या धारेला त्यांनी चांदणीला तो चष्मा बांधला. वस्तीवर त्याला लगेच चष्माच नाव पडलं. चांदणीनं दोनदा मान झटकली आणि मग ती अशी गप्प झाली की मच्छिंद्रनं तिच्या नाकपुडीपाशी हात धरून श्वास बघितला.

टॅब खुंटीला अडकवला होता. त्यावर गवत लवत होतं.

चांदणीनं मान खाली केली. हळूहळू, जमिनीला टेकेल एवढी. जीभ बाहेर काढली आणि हवेत फिरवली.

"गवत खायला बघती बिचारी," रेश्मा म्हणाली.

पण गवत खाताना गाय जिभेनं विळखा घालते आणि ओढते. ही ओढत नव्हती. एकाच बाजूनं, शेपटाकडून डोक्याकडं चाटतात तशी, लांब लांब जीभ फिरवत होती. मधूनच थांबायची, नाकानं ढकलायची, पुन्हा चाटायची. घशातून बारीक, दबका आवाज काढत होती. तो आवाज गाय तान्ह्या वासरापाशी काढते, दुसऱ्या कुणापाशी काढत नाही.

मालनबाईंनी तोंडाला पदर लावला.

"लाव मशिन," त्या हलकेच म्हणाल्या. "लाव, पानवली ती."

आणि खरंच दूध आलं. आठवडाभर कोंडलेलं दूध नळीतून असं धडधडत आलं की मच्छिंद्रच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्यानं चांदणीच्या पाठीवर थाप मारली. रेश्मा हसत होती. त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणीतरी मोठ्यानं हसलं होतं.

मच्छिंद्रनं जाता जाता टॅबकडं पाहिलं. कुरण तसंच होतं, रिकामं.

३

दोन दिवस आनंदात गेले. चष्मा ठेवून घ्यायचा, असं मच्छिंद्रनं मनाशी जवळजवळ पक्कं केलं होतं.

मग एका सकाळी रेश्मा कास पुसायला बसली आणि तिनं हाक मारली. "अहो, हिचा फुडचा सड बघा."

सड ओला होता. नुसता ओला नाही, त्यावर पांढरा फेस होता, आणि तेवढाच भाग मऊ, रिकामा लागत होता. कुणीतरी पिऊन गेलं होतं.

गोठ्यात असं होतं. एखादं वासरू दावं सोडवतं, एखाद्या गाईला दुसरीचं दूध प्यायची खोड लागते. मच्छिंद्रनं वासरांची दावी तपासली, सगळी जागच्या जागी. तरी त्यानं गाठी दुहेरी मारल्या आणि चांदणीला वेगळं, भिंतीकडच्या कोपऱ्यात बांधलं. दुसऱ्या सकाळी दोन सड ओले होते.

दुपारी बाकीची जेवायला गेली तेव्हा तो मुद्दाम गोठ्यातच, वैरणीच्या ढिगाआड बसून राहिला. चष्मा खुंटीवर होता, टॅब बंद होता. पत्रा तापून तडतडत होता. गाई रवंथ करत होत्या. थोड्या वेळानं चांदणीनं रवंथ थांबवलं. मान वळवून दाराकडं बघितलं. मग तिची नजर सरकू लागली. दारापासून गव्हाणीपर्यंत, गव्हाणीपासून आपल्या पोटापर्यंत, चालणाऱ्या कुणाच्या मागं सरकावी तशी.

आणि तिनं मागचा पाय हळूच मागं घेतला. वासराला कासेखाली शिरायला गाय जागा करून देते, तसा.

मच्छिंद्रला आधी चुकचुक असा आवाज आला. मग मचमच. चांदणीनं डोळे अर्धे मिटले होते. तिच्या पोटाखाली उन्हाचा एक चौकोन पडला होता आणि त्या चौकोनात काहीही नव्हतं.

तो उठला. सवय लागली असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. चष्म्यात काहीतरी दिसलं, ते तिच्या मनात बसलं. माणसालासुद्धा भास होतात. पान्हा फुटला की सड आपोआप गळतात. फेसाचं काय, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही.

घराकडं जायचं सोडून तो आधी बांधाकडं गेला. पुरलेल्या जागेवरची माती जशीच्या तशी होती. तिच्यावर हरळी उगवली होती. ते बघून बरं वाटायला हवं होतं. पण परत येताना त्याच्या मनात एकच विचार आला. ते वासरू तर इथंच आहे. मग चांदणी कुणाला पाजतीय?

४

चाटण्याची उंची वाढत होती.

पहिल्या संध्याकाळी तिची जीभ जमिनीला टेकत होती. मग ती गुडघ्यापाशी आली, मग छातीपाशी. आता चांदणी मान सरळ समोर धरून चाटत होती. एवढ्या दिवसांत कुठलं वासरू एवढं वाढत नाही. मच्छिंद्रनं चष्मा बांधायचा बंद केला, डब्यात घालून डबा घरातल्या फळीवर ठेवला. चाटणं थांबलं नाही.

बाकीच्या गाईही आता बघायला लागल्या होत्या. त्यांना कुणी कधी चष्मा बांधला नव्हता. काहीही निमित्त नसताना सगळ्या एकदम माना उचलायच्या आणि सगळ्यांच्या माना एका लयीत वळायच्या, दारापासून चांदणीपर्यंत. कुत्रं गोठ्याकडं फिरकेना. ते रस्त्याच्या कडेला बसून असायचं आणि भाकरी टाकली तरी आत येत नव्हतं.

वासरू पिताना दूध उतरावं म्हणून कासेला ढुशी मारतं. लहान वासराची ढुशी म्हणजे लाडच. पण एका संध्याकाळी, मच्छिंद्र आणि रेश्मा दोघंही बघत असताना, चांदणीच्या अंगाला असा हिसका बसला की तिचे मागचे दोन्ही पाय जमिनीवरून उचलले गेले. एवढी धिप्पाड गाय. पाय खाली टेकले, खूर फरशीवर घसरले. ती कशीबशी सावरली आणि पुन्हा मान वळवून मायेनं चाटायला लागली. जीभ आता तिच्या स्वतःच्या डोक्याच्या वर पोचत होती.

"मारून टाकंल हो ते तिला," रेश्मा पुटपुटली.

तिनं पहिल्यांदाच 'ते' म्हटलं होतं. दोघांच्याही ते लक्षात आलं.

मच्छिंद्रनं शौनकला फोन लावला. "चष्मा काढला तरी गाय कायतरी चाटती. म्हंजे, चाटल्यावानी करती. असं हुतं का?"

"दादा," शौनकनं विचारलं, "खाली चाटते का वर?"

मच्छिंद्रनं गोठ्याकडं बघितलं. "वर," तो म्हणाला.

"शुक्रवारी बाजारात या. डबा घेऊन या." आणि फोन कट झाला.

५

मालनबाईंचं वागणं मात्र मच्छिंद्रला कळत नव्हतं. त्या भ्यायल्या नव्हत्या. उलट कोपऱ्यातली जागा त्यांनी झाडून घेतली आणि तिथं एकापुढं एक पोती अंथरली. पोत्यांचं ते लांबलचक अंथरूण बघून मच्छिंद्र चिडला.

"आई, तू काय करतीस कळतंय का तुला?"

"ते फरशीवर निजतं," मालनबाई म्हणाल्या. "रातची थंडी हाय."

"कोन निजतं? काय हाय ते?"

"मला काय ठावं. पन भुकेलंय, एवढं समजतंय." त्या पोत्याची घडी नीट करत राहिल्या. "भुकेलं लेकरू काय आपनहून वाईट नसतं, मच्छू."

त्याच दुपारी रेश्मा गोठ्यातून घरात आली ती पांढरीफटक पडून. संस्कृती पाळण्यात रडत होती. रेश्मानं तिला उचलून पदराखाली घेतलं. पोर प्यायला लागली, थांबली, पुन्हा लागली आणि तोंड बाजूला करून किंचाळली.

"काय झालं गं?"

"न्हाई येत." रेश्माचा आवाज हलत होता. "मी गव्हानीपाशी उभी हुते. ही घरात झोपलेली, रडत बी नव्हती. आन् मला एकदम भरून आलं. पान्हा फुटतो तसं. वाटलं, आता पातळ भिजतंय." तिनं पदर त्याच्यापुढं धरला. "बघा की. कोरडा हाय. एक डाग न्हाई. पन मी रिकामी झाले, अहो. कुनीतरी..." ती पोरीला छातीशी आवळून रडू लागली. त्या रडण्यात भीती होती, पण दुसरंही काही होतं. "त्याला लई भूक हाय," ती म्हणाली. "मला समजलं ती किती हाय ती."

मच्छिंद्र फळीपाशी गेला. डबा काढला आणि तरातरा गोठ्यात गेला. आजवर तो चष्मा त्यानं गाईच्या डोळ्यांना बांधला होता, स्वतःच्या डोळ्यांना कधी लावला नव्हता. टॅबवर दिसतंय की, असं म्हणून भागवलं होतं.

वाट्या मोठ्या होत्या. दोन्ही हातांनी त्या तोंडावर दाबून धराव्या लागल्या.

आत कुरण होतं. टॅबवर दिसायचं त्यापेक्षा खूप मोठं, चारी बाजूंना पसरलेलं. वारा नव्हता. त्याच्या पुढ्यात मात्र गवत सपाट झालं होतं. जनावर बसून उठलं की दबतं तसं, गोल. पण तो गोल खळ्याएवढा होता. आणि गवताची पाती एकेक करून हळूहळू सरळ होत होती. जे काही तिथं बसलं होतं, ते आत्ताच उठलं होतं.

ऊन पाठीमागून येत होतं. मच्छिंद्रची सावली त्या दबलेल्या गवतावर पडली होती. तिच्यावर दुसरी सावली आली. आधी तिची कड, मग ती सगळ्या गोलावर पसरली. एक भलंमोठं डोकं, पुढं झुकलेलं. दोन्ही बाजूंना कान, ते लोंबत होते. आत्ताच जन्मलेल्या वासराचे कान ओले असतात, मऊ असतात, उभे राहत नाहीत, तसे ते होते.

त्याच्या मानेवर ऊन ऊन वाफ आली. तिला चिकाचा वास होता.

चष्मा हातातून खाली पडला. गोठ्यात नेहमीचं दुपारचं ऊन होतं, पत्र्याची सावली होती. चांदणी तोंड वर करून त्याच्या डोक्याच्या खूप वर, काहीतरी चाटत होती.

६

शुक्रवारी चांदणीलाही बाजारात न्यायचं त्याच्या मनात आलं होतं. गाय गेली की तिच्यामागं तेही जाईल. त्यानं दोर सोडलासुद्धा. रेश्मा दारात उभी होती.

"घेनाऱ्याच्या घरात लेकरू नसंल कशावरनं?" तिनं विचारलं.

त्यानं दोर पुन्हा बांधला आणि एकटा डबा घेऊन मोटारसायकलवर निघाला.

घोडेगावचा बाजार फुलला होता. टेम्पोतून जनावरं उतरत होती, दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवत होते, चहाच्या टपऱ्यांवर गर्दी होती. शौनकनं एका बाजूला मंडप टाकला होता. तिथं अंगद नावाच्या एका तरुण शेतकऱ्याची गाय उभी होती, डोळ्यांवर चष्मा, खाली दुधाची बादली भरत आलेली. लोक वाहवा करत होते. गाईचं जिवंत वासरू शेजारीच होतं. ते पुन्हा पुन्हा कासेकडं येत होतं आणि गाय त्याला पुन्हा पुन्हा लाथेनं दूर सारत होती. तिची मान मात्र ताणलेली होती आणि जीभ मंडपाच्या कापडाकडं, वर वर जात होती.

शौनकनं मच्छिंद्रला बाजूला नेलं. पोराचे डोळे आत गेले होते.

"दादा, गाई वर का बघतात?"

"तूच सांग. आत काय घातलंयस तू?"

"गवत घातलंय, दादा. शपथ. अकोले तालुक्यातल्या डोंगरात मीच ते चित्रण केलंय. गाई बुजू नयेत म्हणून जे जे हलत होतं ते सगळं मी पुसून टाकलं. पक्षी पुसले, फुलपाखरं पुसली. फक्त गवत ठेवलं." तो ओठ चावत थांबला. "तिथं रिकामंच आहे सगळं. मी रोज बघतो. रिकामंच आहे."

मच्छिंद्रनं डबा त्याच्या हातात दिला. "मला न्हाई घ्यायचा. आन् तू बी विकू नगंस."

"माझी नोकरी आहे, दादा," शौनक कळवळून म्हणाला. पण डबा त्यानं उघडला नाही, तपासला नाही, नुसता अंगापासून लांब धरून उभा राहिला. मच्छिंद्रला त्याची कीव आली. धाकट्या भावाच्या ठेवावा तसा त्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मग तो अंगदकडं गेला. "चष्मा घेतोयस का?"

"घेतोय की. बादली बघा ना, दादा."

"घरात लान लेकरू हाय?"

"हाय, दोन म्हैन्याचं. का हो?"

खरं सांगितलं असतं तर मंडपातली माणसं हसली असती. मच्छिंद्रनं फक्त वासराकडं बोट केलं. ते पुन्हा कासेकडं गेलं होतं. गाईनं पुन्हा लाथ मारली, आणि या वेळी ते कोलमडून पडलं. पडल्या जागेवरून ते आईकडं बघत राहिलं. अंगदच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं. त्यानं एकदा गाईच्या ताणलेल्या मानेकडं पाहिलं, मग वर कापडाकडं पाहिलं. आणि स्वतःच्या हातानं पट्टा सोडला.

७

डबा गेला. पण जे आलं होतं ते गेलं नाही. त्या संध्याकाळी ढुशीनं अख्खा पत्रा हादरला आणि चांदणीच्या सडातून दुधाऐवजी रक्त आलं.

"डब्यातनं आलं असंल," मालनबाई म्हणाल्या, "पन पिलं आपल्या गाईचं. आता त्याला दुसरं घर कुठलं?"

"मंग काय करायचं, आई? गाय मरंल. पोरगी उपाशी ऱ्हाईल."

"तुझं केलं तेच करायचं. तोडायचं दूध."

त्यांनी कडुनिंबाचा पाला पाट्यावर वाटला. हिरवागार, कडूजहर लेप. तो चांदणीच्या सडांना लावला, बाकीच्या गाईंनाही लावला. रेश्मानं घरात जाऊन स्वतःलाही लावला. पोरीला पाजायची वेळ झाली की ती गरम पाण्यानं पुसून काढायची आणि पाजून झालं की पुन्हा लावायची. घरातल्या बायकांना हे काम माहीत होतं.

पहिल्या दिवशी चांदणीनं पाय मागं घेतला. चुकचुक आवाज आला आणि एकदम थांबला. मग गोठ्यातल्या हौदाचं पाणी थरथरू लागलं. पत्रे गुणगुणायला लागले. कानाला काही ऐकू येत नव्हतं, पण छातीत, बरगड्यांच्या आत, कुणीतरी हंबरडा फोडत होतं. रेश्मा उंबऱ्यात बसली आणि दोन्ही हात छातीवर घट्ट धरून तिनं डोळे मिटले. "जाऊ नगं," मालनबाई तिला म्हणाल्या. "लेकरू रडतंच. आई गेली की फसलं." त्यांच्याही गालांवरून पाणी वाहत होतं.

तसं ते दिवसभर चाललं. दुसऱ्या दिवशी थोडं कमी झालं. एकदा घराच्या भिंतीला काहीतरी हलकेच घासलं. खिडकीची काच श्वासानं धुरकटली आणि पुन्हा साफ झाली. संस्कृती पाळण्यातून तिकडं बघून हसली. मच्छिंद्रनं तिला उचलून आतल्या खोलीत नेलं.

मग एका सकाळी चांदणी गव्हाणीत तोंड घालून आरामात खात होती. गाई माना उचलत होत्या, वळवत होत्या. चांदणी वळली नाही. तिच्या डोक्यावरून कुणाची तरी वाफ जाऊन तिचे कान हलले, तरी तिनं वर पाहिलं नाही. वासराचं दूध सुटलं की गाय त्याला विसरते. तिच्यापुरतं ते संपलं होतं. मशिन लावल्यावर तिनं सगळं दूध दिलं, चारी सडांनी, पहिल्यासारखं.

रेश्माच्या पदराखाली पोरगी पोटभर पिऊन झोपली. मच्छिंद्र ओट्यावर बसून राहिला. त्याला वाटलं आता सुटलो. आणि लगेच वाटलं, मग ते खाणार काय?

त्याला कुणी सांगितलं नाही. उन्हं उतरल्यावर तो आपण होऊन हत्तीगवताच्या वावरात गेला, कोवळं बघून कापलं, पेंढ्या बांधल्या आणि गोठ्यामागच्या मोकळ्या जागेत आणून टाकल्या. दूध तुटलेल्या वासरापुढं टाकतात तशा, ऐसपैस. मालनबाई आणि रेश्मा मागच्या दारात उभ्या राहिल्या. कुत्रं रस्त्यावर उठून उभं राहिलं.

बराच वेळ काही झालं नाही. मग ढिगाच्या टोकावरचं एक पातं हललं. वरची पेंढी एका अंगाला झुकली, आणि नव्हती. दुसरी गेली. नवखं तोंड होतं. अर्धं सांडत होतं, पुन्हा उचलत होतं. दाढांखाली हिरवा रस चुरडल्याचा आवाज त्यांच्या डोक्याच्या खूप वरून येत होता. हवेत कापलेल्या गवताचा वास पसरला.

ढीग संपला. आवाज थांबला. पण ते गेलं नाही. दोरीवरची लुगडी एकदा आत ओढली गेली आणि एकदा बाहेर फुगली. ते तिथंच उभं होतं, त्यांच्याकडं तोंड करून.

"झालं, आई," मच्छिंद्र न वळता पुटपुटला. "भरलं असंल आता पोट."

मालनबाईंनी पदर खोचला आणि त्या वैरणीकडं निघाल्या.

"एवढ्यानं काय हुतंय," त्या म्हणाल्या. "टाक अजून. वाढतं अंग हाय त्याचं."